तिच्या हाताचा साचा

मार्गशीर्षातला रविवार होता. मार्केट यार्डात सकाळचं ऊन नुकतंच गाळ्यांच्या पत्र्यांवरून खाली उतरलं होतं, आणि ओल्या कोथिंबिरीचा वास बाकी सगळ्या वासांवर चढून बसला होता. तिथे, तुरीच्या शेंगांच्या पोत्याशेजारी, पालथ्या क्रेटवर बसून एक मुलगी शेंगेशी भांडत होती.

सुदर्शन आपल्या दुर्गाआत्यासाठी गवार घ्यायला आला होता. गवार घेऊन झाली होती. निघायला हरकत नव्हती. पण तो थांबला. त्या मुलीच्या हातात जे काही होतं, ते त्याने आजवर कुठल्याच दुकानात पाहिलं नव्हतं. चमच्याचा वाकवलेला दांडा, त्यावर गुंडाळलेली सायकलच्या ट्यूबची पट्टी, आणि टोकाला नेलकटरचं अर्धं पातं. ती डाव्या हातात ते धरायची, शेंगेचं टोक पात्यात अडकवायची, अंगठा दाबायची आणि ओढायची. एखादी शेंग शिवण उसवावी तशी सरळ उघडायची... दुसरी दाण्यांसकट चिरडायची. चिरडली की ती त्या शेंगेकडे अशी बघायची, जणू शेंगेने शब्द देऊन मोडला होता.

सुदर्शन साचे बनवायचा. नऱ्ह्याच्या एका गल्लीत त्याचं छोटं वर्कशॉप होतं. डब्यांची झाकणं, बादल्यांच्या कड्या, खेळण्यातल्या गाड्यांची चाकं ज्या पोलादी पोटातून जन्माला येतात, ते पोट तो कोरायचा. त्यामुळे चांगली कल्पना वाईट अवस्थेत दिसली की त्याचे हात शिवशिवत. हात शिवशिवले, एवढंच. बाकी काही नाही — असं तो पुढे बरेच महिने स्वतःला सांगणार होता.

“काय पाहून राहिले?” मान वर न करता मुलीने विचारलं.

“पाहून राहिलो नाही. पाहून निघालोय,” तो म्हणाला, आणि निघाला नाही.

तिने वर पाहिलं. डोळ्यांवर ऊन आलं म्हणून एक डोळा मिटून घेतला. “पुण्याचे दिसता.”

“कशावरून?”

“मदत करायच्या आधी टोमणा मारला.”

मदत करतोय असं कोण म्हणालं, असं म्हणत तो खाली बसला. पातं फार उभं बसलंय, जरा आडवं केलं तर दाणा वाचेल, असं त्याने सांगितलं. तिने ते क्रेटच्या लोखंडी कडेवर दाबून वाकवलं. पुढची शेंग उघडली. दाणे एकामागून एक तिच्या ओढणीत पडले, टपटप, आणि त्यातला एकही फुटलेला नव्हता. ती हसली. शेंगेकडे पाहून हसली, त्याच्याकडे नाही. पण ऊन तेव्हा दोघांवर सारखंच होतं.

तिचं नाव सत्यशीला. वर्ध्याची. नाव आजोबांनी ठेवलेलं, आणि हे नाव घेऊन शाळेत साधी थाप मारायचीही सोय नव्हती, अशी तिची कायमची तक्रार होती. ती वाघोलीला राहायची आणि गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात तपासणीचं काम करायची. दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तूंमधली खोट शोधायची, हा तिचा दिवसभराचा उद्योग. आणि रात्रंदिवस मनात मात्र एकच वस्तू, जी अजून कोणी बनवलेलीच नव्हती.

तिच्याकडे थंडी म्हणजे सोले. तुरीच्या ओल्या शेंगांचे दाणे. सोलेभात, सोल्याची आमटी, वांग्यात सोले. पोतंभर शेंगा अंगणात ओतायच्या आणि बायांनी भोवती बसायचं. गप्पा मऊ, शेंगा चिवट. चार दिवसांत नखं काळी पडत, बोटांची टोकं उलत. तिची आई उललेल्या बोटांना तेल चोळत गुणगुणायची —

तुरीच्या ग शेंगा बाई, शिवेच्या वावराच्या
सोलता सोलता ग, गोष्टी निघती माहेराच्या

“गोष्टी निघू दे की,” सत्यशीला सुदर्शनला म्हणाली होती, “पण रक्त कशाला निघायला पाहिजे?”

त्या दिवशी त्याने तिला आपलं कार्ड दिलं. कार्डावर लिहिलेलं वर्कशॉप रविवारी बंद असतं, असंही सांगितलं. पुढच्या रविवारी ती तिथे हजर होती, आणि वर्कशॉप उघडं होतं.

कल्पना डोक्यात असते तेव्हा तिला वजन नसतं. कागदावर आली की तिला कडा येतात. आणि वस्तू व्हायला लागली की ती आपल्याशीच भांडायला लागते. त्या वर्षात सत्यशीलाने हे सगळं पाहिलं. पहिला नमुना लाकडाचा झाला; तो शेंगेपेक्षा हातालाच जास्त सोलत होता. दुसरा पत्र्याचा. त्याचं वर्णन दुर्गाआत्याने एका वाक्यात केलं — “दाढीचं सामान दिसतंय.” तिसऱ्याला जरा रूप आलं. आत्याने कोथरूडच्या आपल्या सोसायटीतल्या भिशीच्या बायकांसमोर तो ठेवला, आणि मटाराच्या शेंगांवर चालवून पाहिल्यावर त्या बायकांनी मान डोलावली. दांडा हातात टोचतो, एवढी एकच तक्रार. वस्तूचं नावही तिथेच पडलं. शेंगसोली. कोणी ठेवलं, ते कोणालाच आठवेना, म्हणजे नाव चांगलं असणार.

सुदर्शन कमी बोलायचा. जे बोलायचा त्यातलं निम्मं वाकडं असायचं. ती एखादी नवी सुधारणा घेऊन धावत आली की तो म्हणायचा, बसा, पाणी घ्या, मग जगाचा उद्धार करू. ती म्हणायची, तुमच्या पाण्याला ग्रीसचा वास येतो. पुढच्या वेळी तिच्यासाठी झाकणाचा वेगळा तांब्या ठेवलेला असायचा.

समोरच्या गाळ्यात रियाजभाईंचं मोल्डिंगचं मशीन होतं. सुदर्शनने साचा करायचा, आणि रियाजभाईंनी त्यात वितळलेलं प्लास्टिक दाबून वस्तू काढायच्या, अशी त्यांची जुनी जोडी. रियाजभाई एकदा सुदर्शनला म्हणाले होते की बाकी गिऱ्हाइकांचं काम तू तीन फोन आल्याशिवाय हातात घेत नाहीस, आणि या मॅडमचं काम फोन यायच्या आधीच करून बसतोस. सुदर्शनने सांगितलं, काम इंटरेस्टिंग आहे. रियाजभाई म्हणाले, हां, काम.

श्रावण सरला. दुर्गाआत्या घरचा गणपती दरवर्षी स्वतःच्या हाताने करायची, आणि त्यातून उरलेला शाडूचा गोळा सुदर्शन एका दुपारी ओल्या फडक्यात गुंडाळून वर्कशॉपवर घेऊन आला. बाहेर पाऊस इतका हलका पडत होता की पत्र्यालाही त्याचा पत्ता नव्हता.

“दांडा टोचतो ना?” तो म्हणाला. “मग दांड्यालाच हात शिकवू. हा गोळा धरा. शेंगसोली धरता तशी. डोळे मिटून.”

“डोळे कशाला?”

“बघत धरलंत की नीट धराल. मला नेहमीसारखं हवंय.”

तिने डोळे मिटले. शाडू गार होता. तिची बोटं त्यात हळूहळू रुतली, अंगठा आपली जागा शोधत सरकला आणि विसावला. सुदर्शन पाहत होता. पाहणं हे त्याचं कामच होतं; कामाच्या मानाने तो जरा जास्त वेळ पाहत होता, इतकंच.

“झालं?” तिने विचारलं.

“हं.”

“मग सोडवा की.”

त्याचा हात पुढे झाला... आणि तिच्या बोटांपासून अंगुळभर अंतरावर थांबला. “तुम्हीच सोडा,” तो म्हणाला. “हळू. ठसा बिघडेल.”

तिने डोळे उघडले तेव्हा त्याचा हात तिथेच होता. दोघांनीही तो पाहिला. मग पावसाचा पत्ता पत्र्याला लागला, आणि बोलायची गरज उरली नाही.

त्या संध्याकाळी तिने आईला फोनवर ही मातीची हकीगत सांगितली, अर्थातच तांत्रिक अंगाने. आईने सगळं ऐकून घेतलं आणि ती गुणगुणली —

कासाराच्या ग हाताने, चुडा भरला मापाचा
कुण्या लोहाराने बाई, ठसा घेतला हाताचा

सत्यशीलाने नेटवर्क नाही म्हणून फोन ठेवला. आयुष्यातली ही तिची पहिली थाप, असं तिला तरी वाटलं.

दसऱ्याच्या सुमाराला सुदर्शनने त्या ठशावरून मापं घेऊन थ्रीडी प्रिंटरवर प्लास्टिकचा एक नमुना काढला आणि तिच्यापुढे ठेवला. तिने उचलला. नमुना हातात ठेवून तिने मूठ मिटली, उघडली, पुन्हा मिटली. आजवर तिने कात्री धरली होती, विळी धरली होती, शाळेत शार्पनर फिरवलं होतं. प्रत्येक वस्तूने तिला आधी थोडं वाकायला लावलं होतं. ही वस्तू मात्र न सांगता बसली. ओळखीचं माणूस दारात यावं तशी.

“काही बदल?” त्याने विचारलं.

“काही नको,” ती म्हणाली. “केसभरही हलवू नका.”

शेंगांचे दिवस अजून लांब होते. भिशीच्या बायकांना पुन्हा दाखवायला हातात काही सोलण्यासारखं नव्हतं, आणि घाईही होती. कारण आता तारीख ठरली होती. कोथरूडच्या बाजारपेठेत हिंदुरावांचं भांड्यांचं दुकान होतं. त्यांनी शेंगसोलीचा तिसरा नमुना उलटसुलट करून पाहिला आणि सांगितलं की भोगीच्या आठवड्यात गल्ल्याशेजारची जागा देतो. पुण्यात त्या आठवड्यात घराघरांत भोगीची मिसळभाजी होते, पावटा, सोलाणे, तुरीचे दाणे, सगळं सोलायचं. त्या वेळी वस्तू पुढे असली तर लोक घेतील. “भोगीनंतर आणलीत,” ते म्हणाले, “तर मग पुढच्या भोगीलाच भेटू.”

पण पुढच्या भोगीपर्यंत थांबणं सत्यशीलाच्या हातात नव्हतं. साच्याच्या कामासाठी म्हणून तिने दिवाळीत नोकरी सोडली होती. वडिलांना ते पटलं नव्हतं. वर्ध्याजवळच्या एका तंत्रनिकेतनात त्यांनी तिच्यासाठी शिकवायची जागा बोलून ठेवली होती, आणि तिथले लोक संक्रांतीपर्यंत थांबायला तयार होते. वडील रागावले नाहीत. रागावले असते तर सोपं होतं. त्यांनी फक्त विचारलं, तुझं काय म्हणणं आहे? तेव्हा तिनेच शब्द दिला होता. संक्रांतीपर्यंत वस्तू लोकांच्या हातात पडली नाही, तर मी बॅग भरून परत येते. आणि पुन्हा हा विषय काढणार नाही.

हे तिने सुदर्शनला सांगितलं तेव्हा तो पोलादाचा तुकडा मशीनवर बांधत होता. त्याने पाना जरा जास्तच घट्ट आवळला. “भोगीच्या आधी मिळेल,” एवढंच म्हणाला.

आणि साचा झाला. जानेवारीच्या एका सकाळी तो रियाजभाईंच्या मशीनवर चढला. मशीनने श्वास घेतल्यासारखा आवाज केला, साचा मिटला, उघडला, आणि पहिली शेंगसोली गरम गरम बाहेर पडली. हिरवी. तुरीच्या शेंगेसारखी हिरवी. पातं वेगळं बनवलेलं होतं. सुदर्शनने ते खाचेत दाबून बसवलं आणि वस्तू रियाजभाईंच्या हातात ठेवली. पहिला नग मशीनवाल्याने हाताळायचा, अशी त्यांच्या गल्लीतली पद्धत.

रियाजभाईंनी ती धरली. भुवया जवळ आणल्या. फिरवून पुन्हा धरली.

“मॅडम,” ते म्हणाले, “ही माझ्याशी भांडतेय.”

त्यांचा अंगठा जिथे जायला हवा होता तिथे बोटांच्या खाचा होत्या. बोटं जिथे टेकायला हवी होती तिथे अंगठ्याचा खळगा होता. सुदर्शनने ती त्यांच्या हातातून घेतली. त्याच्याही हातात ती तशीच रुसली. मग सत्यशीलाने हात पुढे केला, शेंगसोली घेतली, आणि ती अलगद बसली. जणू तिच्यासाठीच केली होती.

तिच्यासाठीच केली होती.

तिने खाली आपल्या हाताकडे पाहिलं. डाव्या हाताकडे.

“शाडू,” ती म्हणाली.

सुदर्शनचा चेहरा पांढरा पडला होता. त्याच्या धंद्यात अशी चूक होत नाही. मिलिमीटरच्या शंभराव्या भागासाठी तो पोरांसारखा हट्ट करायचा, आणि इथे त्याने अख्खा हातच उलटा कोरला होता. पोलादात. रियाजभाईंनी मशीन बंद केलं. त्यांना चहाची आठवण झाली, आणि ते टपरीवर गेले, आणि बराच वेळ परत आले नाहीत. समंजस माणसाला चहा फार वेळेवर आठवतो.

“नवा साचा?” सत्यशीलाने विचारलं.

“होईल. फाल्गुनात.”

तिने मान हलवली. फाल्गुनात तुरीच्या शेंगा वाळून डाळ होते, आणि तोवर ती तंत्रनिकेतनात फळ्यापुढे उभी असणार होती. ती स्टुलावर बसली. रडली नाही. शेंगसोली तेवढी हातात ठेवली. कारण वाईट वाटत असतानाही ती हातात इतकी छान बसत होती, आणि हेच फार वाईट होतं.

सुदर्शनने साचा खाली उतरवला. दोन्ही अर्धी वेगळी करून टेबलावर मांडली आणि तो त्यांच्याकडे बघत राहिला. मग बोलला.

“एक रस्ता आहे. वस्तूत जिथे खळगा, तिथे साच्यात उंचवटा असतो. उंचवटा घासून काढता येतो. नवा उगवत नाही... म्हणजे डाव्याचा उजवा होणार नाही. पण सगळेच उंचवटे घासून टाकले, तर दांडा साधा गोल येईल. दोन्ही हातांना चालेल. पातंही दोन्ही बाजूंनी बसवता येईल, ज्याला जसं हवं तसं.”

“टोचणार?”

“नाही टोचणार. पण कोणाच्याच हातात अशी...” तो थांबला. “साधा दांडा असेल. चारचौघांसारखा.”

“किती वेळ लागेल?”

“आज घासतो. उद्या सकाळी मशीनवर.”

“मग वाट कसली पाहून राहिले?”

त्याने घासायचं छोटं यंत्र हातात घेतलं. चालू केलं. ते गुणगुणायला लागलं. साच्याच्या चकचकीत पोलादात तिची चार बोटं आणि अंगठा उठून दिसत होते, उन्हात पाण्याखाली हात धरावा तसे. त्याने यंत्र जवळ नेलं... आणि बंद केलं. पुन्हा चालू केलं. पुन्हा बंद.

“काय झालं?” ती उठून टेबलापाशी आली.

“काही नाही.”

“सुदर्शन.”

तिने त्याला नावाने पहिल्यांदाच हाक मारली होती. त्याने यंत्र खाली ठेवलं, आणि साच्याकडे पाहतच बोलला. त्याला तिच्याकडे पाहून बोलायची सवय नव्हती. आजवर मध्ये नेहमी एखादी वस्तू असायची.

“तुम्ही डावखुऱ्या आहात हे मला माहीत नव्हतं असं नाही. पहिल्याच दिवशी पाहिलं होतं, यार्डात. पण मग वर्षभर... हात म्हटलं की मला हाच हात आठवायचा. ड्रॉइंगवर, मशीनवर, कुठेही. त्यात डावा-उजवा काही उरलंच नाही. माझ्या दृष्टीने हात असाच असतो.” त्याने अंगठ्याच्या उंचवट्यावरून बोट फिरवलं. “चूक माझीच आहे. तुमचं वर्ष गेलं असतं त्यात. तरी हा घासवत नाहीये मला. आता हसा.”

ती हसली नाही. रस्त्यावरून एक टेम्पो गेला, खिडकीची काच थरथरली आणि स्थिर झाली.

“माझं ऐका,” ती म्हणाली. “मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढल्या. हा नमुना तुम्ही माझ्यापुढे ठेवला तेव्हा माझ्यातली तपासनीस कुठे गेली होती? एका क्षणात कळायला हवं होतं की जी वस्तू मला इतकी बसते, ती जगाला बसणार नाही. पण मला वाटलं... कोणीतरी मला नीट पाहिलंय. तेवढंच वाटत राहिलं. केसभरही हलवू नका, असं मीच म्हटलं होतं. म्हणजे चूक अर्धी माझी.”

“अर्धी?”

“थोडी जास्त माझी. नाव राखायला पाहिजे.”

त्याने आता तिच्याकडे पाहिलं. तिने आपला डावा हात पुढे केला आणि साच्यावर, त्याच्या हातावर ठेवला. शाडूइतकाच गार होता.

“घासा,” ती हळूच म्हणाली. “पोलादातला हात कशाला जपता? हा आहे ना.”

मग त्याने घासलं. आधी अंगठा गेला, मग एकेक बोट. ती शेजारी बसून राहिली, फडक्याने भुकटी पुसत. शेवटी तिथे नुसतं गुळगुळीत पोलाद उरलं. रियाजभाई चहा पिऊन परतले तेव्हा साचा तयार होता, आणि दोघांच्या बोटांना सारखीच काळी भुकटी लागलेली होती. रियाजभाईंनी ती पाहिली, मशीन पुसायला घेतलं, आणि त्यांच्यासाठी हे फार मोठं मौन होतं.

भोगीच्या आदल्या दिवशी हिंदुरावांच्या दुकानात, गल्ल्याशेजारी, हिरव्या शेंगसोल्यांची टोपली मांडली गेली. दुपारपर्यंत लोक तिच्याकडे बघत आणि कढई घेऊन जात. सत्यशीला फडताळाशी उभी राहून ओढणीचं टोक पिळत होती. मग दुर्गाआत्या आली. तिने कोणाशी न बोलता खुर्ची ओढली, पिशवीतून शेंगा काढल्या, आणि दुकानाच्या दारातच सोलायला बसली. शेंगा उसवत होत्या, दाणे ताटात टपटपत होते. एक बाई थांबली. तिने विचारलं, हे खरंच चालतं का हो?

“नाही,” आत्या म्हणाली. “हे दाणे मी मंत्राने काढतेय.”

बाईने एक घेतली. तिच्या मागच्या बाईने दोन घेतल्या, एक सुनेसाठी. सुनेला काही येत नाही, असं ती सुनेसमोरच म्हणाली. सुनेने आपली पिशवी उजव्या हातातून डाव्या हातात घेतली आणि शेंगसोली स्वतः निवडली. ऊन कलेपर्यंत टोपलीचा तळ दिसायला लागला. हिंदुरावांनी आणखी किती आहेत असं विचारलं, तेव्हा सत्यशीलाने उत्तर द्यायच्या आधी एकदा श्वास घेतला.

ती बाहेर येऊन फोनवर बोलली. वडिलांना सांगितलं की वस्तू लोकांच्या हातात पडली, आता तंत्रनिकेतनाला नाही म्हणून कळवा. पलीकडून वडील म्हणाले, तिथल्या लोकांना काय सांगू? तिने सांगितलं, खरं तेच सांगा, मुलीला काम आहे. मग आई फोनवर आली आणि आपल्या मोहल्ल्यातल्या बायांसाठी किती पाठवतेस, असं विचारायला लागली. सोलायचा खरा डोंगर तर तिकडेच होता. सगळ्या वर्ध्याचा, यवतमाळचा, दूरवर पसरलेला हिरवा डोंगर.

सुदर्शन दुकानाबाहेर दुचाकीला टेकून उभा होता. तिने फोन ठेवला तसा तो सरळ झाला.

“मग? परत नाही ना जात?”

“जाते.”

त्याने दुचाकीच्या सीटवरची धूळ बोटाने पुसली.

“हरून नाही जात,” ती म्हणाली. “कामाला जाते. शेंगा तिकडे आहेत. इथे भोगीपुरतं कोणी सोलेल. तिकडे घराघरांत, बाजारात, बाया दिवसभर सोलत बसतात.”

“साचा इकडे आहे.”

“साचा माझा आहे. मशीन तिकडेही असतात.”

“जड आहे,” तो म्हणाला. “एकट्या माणसाला उचलत नाही.”

“तेच तर सांगून राहिले कधीची.”

रस्त्यावर पतंग आणि तिळगुळाच्या गाड्या लागल्या होत्या. सुदर्शनने त्यांच्याकडे फार लक्ष देऊन पाहिलं. “रियाजभाईंना सांगतो,” तो म्हणाला.

तिच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी थांबलं. “त्यांना कशाला त्रास?”

“सांगायला नको? मी काही दिवस इथे नाही म्हणून.”

तिने त्याच्याकडे पाहिलं, नीट, खोट शोधावी तसं. सापडली नाही. “काही दिवस म्हणजे?”

“तुरीचा हंगाम आहे तोवर.”

“आणि मग?”

“मग हरभऱ्याचा लागतो,” तो म्हणाला. “तेही सोलावंच लागतं.”

ती चालायला लागली. दोन पावलं गेल्यावर थांबली, तो येतोय का ते न बघता. तो तिच्या उजव्या बाजूला येऊन उभा राहिला. मग काहीतरी चुकल्यासारखं त्याला वाटलं. गर्दीतून, गाड्यांमधून वळसा घालून तो मागून फिरला आणि तिच्या डाव्या बाजूला आला.